कुंडीतला वाफसा: निचऱ्यासाठी आणि हवेसाठी मातीत काय मिसळावं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पावसाळा लागला की मला येणारे निरोप जवळपास सारखेच असतात. पानं पिवळी पडली, माती ओलीच राहते, कुंडीला वास येतो. सोबतच्या फोटोत वरून चोपून बसलेली, शेवाळ धरलेली माती दिसते. खत कोणतं आणि औषध कोणतं हे नंतर पाहू, आधी त्या मातीत हवा आहे का ते पाहायला हवं. पुण्यातली माझी गच्ची आणि कोकणातलं माहेरचं अंगण, या दोन ठिकाणी जे करून पाहिलं त्याच्या आधारावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत.

१. निचरा होणं आणि हवा खेळती राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत का?

हो. जास्तीचं पाणी किती लवकर खाली उतरतं, तो निचरा. ते उतरून गेल्यावर मातीत किती जागा रिकामी राहते, ती हवा. या दुसऱ्या स्थितीला आपल्या शेतकऱ्यांकडे नेमका शब्द आहे: वाफसा. माती ओलसर असते पण चिखल नसतो, मूठ वळते आणि बोट टोचलं की मोडते. पाऊस उघडल्यावर शेतकरी वाफशाची वाट बघतो, आणि कुंडीतही आपल्याला तोच वाफसा आणायचा आहे.

मुळं पाणी पितात तसा श्वासही घेतात. हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे १०,००० पट हळू पसरतो. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशींना रान मोकळं मिळतं. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून झाड ओल्या मातीतही कोमेजतं, आणि आपण तहान समजून आणखी एक तांब्या ओततो.

२. अंगणात त्याच मातीत झाड छान वाढतं, मग कुंडीत का मरतं?

अंगणातल्या मातीखाली आणखी माती असते आणि ती पाणी खाली ओढत राहते. गांडुळं, मुंग्या, कुजून गेलेली जुनी मुळं यांनी तिच्यात वाटा पाडलेल्या असतात. कुंडीत हात-दीड हातावर तळ लागतो आणि पाणी ओढून घ्यायला खाली कुणी नसतं. त्यात आपण रोज वरून पाणी ओततो, त्याने बारीक कण पोकळ्यांत जाऊन बसतात आणि सहा महिन्यांत माती दबते. म्हणून कुंडीसाठी माती जशीच्या तशी घेऊ नका, कितीही कसदार असली तरी. तिच्यात काहीतरी जाड, न दबणारं मिसळावंच लागतं.

३. तळाशी खडी किंवा खापराचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो ना? आमची आजी घालायची.

माझीही आजी घालायची, आणि मीही बरीच वर्षं घातले. पण याने निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा कमी होते.

घरातला भांडी घासायचा नवा, आयताकृती स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. टपटप थांबली की तो लांब कडेवर उभा करा. पुन्हा पाणी गळेल. तेही थांबलं की अरुंद कडेवर उभा करा, आणखी थोडं गळेल. स्पंज तोच, पण जितका उंच उभा तितकं पाणी जास्त सुटतं. तरीही शेवटी खालचा भाग ओलाचिंब राहतोच. कुंडीतल्या मातीचं असंच होतं. निथळणं थांबल्यावरही तळाशी दोन-चार बोटं उंचीचा थर पाण्याने भरलेला राहतो. तो किती उंच असेल हे मिश्रणाच्या कणांवर ठरतं: बारीक कण, उंच थर.

आता तोच ओला स्पंज खडीवर ठेवला तरी त्याच्यातलं पाणी खडीत जात नाही. बारीक पोकळ्यांतलं पाणी मोठ्या पोकळ्यांत तेव्हाच उतरतं, जेव्हा वरचं पूर्ण भिजून जड होतं. म्हणजे खडी घातल्याने चिंब थर नाहीसा न होता खडीच्या उंचीइतका वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ.

भोकावर एक पालथं खापर किंवा डासांच्या जाळीचा तुकडा ठेवायला काहीच हरकत नाही. त्याचं काम माती वाहून जाऊ न देणं एवढंच आहे. खडी घालायचीच असेल तर ती मिश्रणात मिसळा. आणि एकाच मिश्रणाच्या दोन कुंड्यांत उथळ कुंडी जास्त चिंब राहते हेही यातून कळतं. कुजायला सोपी झाडं पसरट भांड्यात लावताना मिश्रण आणखी जाड ठेवा.

४. परलाइट, वर्मिक्युलाइट आणि प्युमिस यांत फरक काय? दुकानदार म्हणतो सगळं एकच.

एकच नाही. परलाइट ही ज्वालामुखीतून आलेली काच. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि लाह्या फुटाव्यात तशी ती फुगते. दाणे पांढरे, खूप हलके, न कुजणारे. हवेसाठी उत्तम, पण पोषण काही देत नाही.

वर्मिक्युलाइट अभ्रकासारखं पापुद्र्यांचं खनिज. तेही तापवून फुगवलेलं असतं, पण ते पाणी आणि खतातली अन्नद्रव्यं धरून ठेवतं, आणि दाबलं की चपटं होतं. बिया रुजवायच्या ट्रेमध्ये छान. ज्या कुंडीची तक्रारच ओल टिकण्याची आहे तिच्यात मात्र ते घालू नका.

प्युमिस हा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. परलाइटपेक्षा जड, त्यामुळे पाणी घातल्यावर तरंगून वर येत नाही. आपला सह्याद्रीही लाव्हारसाचाच, म्हणून बरेच जण विचारतात की इथला दगड फोडून वापरला तर? आपला काळा पाषाण घट्ट आहे, त्याच्या कणांत पोकळी नाही. त्याची खडी कणांच्या मधे जागा करते, पण स्वतः पाणी आणि हवा साठवत नाही.

परलाइट मिसळण्याआधी त्यावर पाणी शिंपडा आणि नाकाला रुमाल बांधा. त्याची धूळ घशाला आणि फुप्फुसांना त्रास देते. पोत्याच्या तळाशी उरणारी पूड मिश्रणात ओतू नका, त्या पुडीने पोकळ्या बुजतात.

५. आमच्या गावात परलाइट मिळत नाही. मिळालं तरी परवडत नाही. दुसरं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण परलाइटशिवाय कुंडीच होत नाही असं हल्ली सगळ्यांना वाटू लागलंय. महाराष्ट्रात निम्म्या ठिकाणी त्याहून स्वस्त वस्तू दाराशी आहेत.

भाताचा तूस. कोकण, मावळ, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, जिथे भातगिरणी आहे तिथे तूस आहे. गिरणीवर मागताना तूसच मागा. कोंडा नको, कोंडा मऊ असतो आणि त्यावर बुरशी धरते. तुसात सिलिका भरपूर, त्यामुळे तो सहजी कुजत नाही, मिश्रणात दीड-दोन वर्षं तग धरतो. कच्च्या तुसात राहिलेले दाणे रुजून कुंडीत भात उगवतो, तो उपटून टाकावा, नुकसान काही नाही. मिश्रणाच्या पाव भागापर्यंत तूस मी बिनधास्त वापरते.

भाजून काळा केलेला तूस आणखी चांगला. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात विस्तव करायचा, भोवती तुसाचा ढीग लावायचा, आणि काळा होत जाईल तसा फावड्याने परतायचा. सगळा काळा झाला की लगेच पाणी मारून विझवायचा. इथे घाई आणि आळस दोन्ही नडतात. उशीर झाला तर त्याची पांढरी राख होते. राख बारीक असते, पोकळ्या भरते आणि मातीचा अल्कधर्मीपणा वाढवते. दाणा अख्खा आणि काळा राहिला पाहिजे.

विटांचे तुकडे. भट्टीत नीट भाजलेली लाल वीट हातोडीने फोडा. भाजलेल्या विटेला छिद्रं असतात, ती थोडं पाणी धरते आणि आकार सोडत नाही. तीन गोष्टी पाहा. कच्ची, पिवळट वीट पाण्यात विरघळून पुन्हा माती होते. सिमेंट-चुन्याचा गिलावा लागलेली वीट अल्कधर्मी असते, गिलावा काढून मगच घ्या. राखेच्या किंवा सिमेंटच्या विटा नकोत. फार भाजून काचेसारखी झालेली खंगर वीट चालते, पण ती खडीसारखी वागते, पाणी धरत नाही.

लाकडी कोळसा. फोडून ज्वारीपासून हरभऱ्याएवढे तुकडे करा. इस्त्रीवाल्याकडे मिळणारा लाकडी कोळसा चालतो. दगडी कोळशाची राख मात्र घेऊ नका, तिच्यात काय काय आहे ते आपल्याला माहीत नसतं.

या सगळ्यांचं मर्म चाळणीत आहे. विटांचा चुरा आधी पिठाच्या चाळणीने चाळा, खाली पडतं ते फेकून द्या. मग गव्हाच्या चाळणीने मोठे खडे वेगळे काढा. मधे उरलेलं, मोहरीहून मोठं आणि हरभऱ्याहून लहान, ते आपल्या कामाचं. पहिल्यांदा विटा फोडल्या तेव्हा मी चुऱ्यासकट सगळं मिसळलं होतं. महिन्याभरात कुंडीत लाल लगदा झाला आणि त्यातला मोगरा गेला. महागडं परलाइट धुळीसकट वापरण्यापेक्षा फुकटच्या विटा चाळून वापरणं कधीही चांगलं.

६. वाळू मिसळली तर चालेल का? किती आणि कोणती?

चालते, पण दोन अटी. वाळू जाड हवी आणि भरपूर हवी. चिकट मातीत दोन मुठी बारीक वाळू घातली तर मातीचे कण वाळूच्या दाण्यांमधल्या फटी भरून टाकतात आणि वाळल्यावर गोळा विटेसारखा कडक होतो. वाळूने फरक पडायला ती निदान मातीइतकी तरी लागते, आणि मग कुंडी उचलवत नाही.

गिलाव्याची बारीक वाळू नको. समुद्राची तर नकोच, तिच्यात मीठ असतं. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरायची असेल तर बादलीत घेऊन धुवा, वर येणारं राखाडी पाणी ओतून द्या, पाणी नितळ येईपर्यंत. राहिलेले जाड दाणे वापरा. मी स्वतः वाळू फक्त निवडुंग, जेड, अडेनियम अशा झाडांनाच घालते.

७. कोकोपीट घातलं की माती भुसभुशीत होते. म्हणजे निचरा वाढला ना?

माती हलकी होते, निचरा वाढेलच असं नाही. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा बारीक भुसा, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं. चिकट मातीपेक्षा त्यात हवा जास्त असते हे खरं, पण त्यालाच निचऱ्याचं औषध समजून निम्म्याहून जास्त घातलं तर पावसाळ्यात कुंडी आठ-आठ दिवस वाळत नाही. वर्ष-दोन वर्षांत ते झिजून बारीक होतं आणि दबतं.

कोकोपीटची दाबलेली वीट आणल्यावर मोठ्या टबात भिजवा. ५ किलोची वीट फुगून ६० लिटरहून जास्त भरते, लहान बादली पुरत नाही. मग पिळून पाणी फेका आणि असं दोन-तीनदा करा. नारळाच्या सोडणात क्षार असतात. न धुता वापरलं तर पानांच्या कडा करपतात. निचरा हवा असेल तर कोकोपीटऐवजी सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे घ्या, ते पाणी कमी धरतात आणि मधे हवा ठेवतात.

८. शेतातली काळी माती चांगली कसदार आहे. तीच आणू का? जिप्सम टाकलं तर मोकळी होईल का?

काळी माती पिकाला कसदार, पण कुंडीत ती सगळ्यात अवघड. तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला हात जाईल अशा भेगा पडतात त्या याच गुणाने. कुंडीत वाळल्यावर तिचा गोळा कडेपासून सुटतो, मग घातलेलं पाणी कडेच्या फटीतून थेट खाली जातं आणि मधली मुळं कोरडी राहतात. भिजली की सगळं उलट, हवेला जागाच नाही.

जिप्समचा उपयोग चोपण जमिनीत होतो, जिथे मातीत सोडियम फार झालेलं असतं. साधी काळी माती कुंडीत मोकळी करायला त्याचा भरवसा धरू नका.

दुसरी मातीच मिळत नसेल तर काळ्या मातीचं प्रमाण पाचात एक भागावर ठेवा, बाकी तूस, विटांचे तुकडे आणि चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. नदीकाठची पोयटा माती मिळाली तर ती उजवी. नर्सरीतली लाल माती काळीपेक्षा बरी, पण तीही एकटी वापरली तर दोन पावसांत घट्ट होते.

९. मग प्रमाण काय घ्यायचं? एकच सांगा.

एकच सांगता येत नाही, पण सुरुवात करायला हे घ्या. मापासाठी घरातला एखादा जुना मग ठेवा, वजनाने मोजू नका.

तुळस, मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीपत्ता: माती २ भाग, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत १ भाग, जाड वस्तू (तूस, विटांचे तुकडे किंवा परलाइट, एक किंवा मिश्र) २ भाग.

घरातली मनी प्लांट, मॉन्स्टेरा: माती अर्धा भाग किंवा नाहीच, कोकोपीट २, गांडूळखत १, जाड वस्तू २, त्यात थोडा कोळसा.

जेड, स्नेक प्लांट, कोरफड: माती १, गांडूळखत अर्धा, जाड वस्तू ३.

मिरची, टोमॅटो, मेथी यांना भूक मोठी आणि पाणीही जास्त लागतं. वरच्या पहिल्या प्रमाणातलं खत दीडपट करा, जाड वस्तू १ भागच ठेवा.

गांडूळखत बारीक असतं. चांगलं म्हणून निम्मी कुंडी त्यानेच भरणारे खूप आहेत, आणि त्यांची माती वर्षात डांबरासारखी बसते. ऑर्किडसाठी प्रश्न १९, उष्ण भागासाठी प्रश्न १३ पाहा.

१०. मिश्रण बरोबर झालं की नाही हे झाड लावायच्या आधी कसं कळेल?

मोजून कळतं, आणि मोजणं सोपं आहे. १ लिटरपेक्षा थोडा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला पाच-सहा भोकं पाडा, बाहेरून चिकटपट्टी लावा. ओलसर केलेलं मिश्रण डबा दोन-तीनदा आपटत बरोबर १ लिटर भरा. आता पाणी सावकाश घाला, वर चकाकी दिसेपर्यंत. थोडा वेळ थांबा, पाणी आत गेलं तर पुन्हा घाला. मग डबा परातीवर धरून चिकटपट्टी काढा आणि अर्धा तास निथळू द्या. परातीत पडलेलं पाणी मोजा.

१५० मिली पडलं तर मिश्रणात १५ टक्के जागा हवेची आहे. बहुतेक झाडांना १० ते २० टक्के ठीक. १० च्या खाली आलं तर जाड वस्तू वाढवा. माझ्या जुन्या लाल मातीच्या मिश्रणातून जेमतेम ६० मिली निघालं होतं. त्यात एक भाग चाळलेली वीट आणि एक भाग तूस घातल्यावर १४० झालं.

११. पाणी घातलं की झर्रकन खाली निघून जातं, तरी झाड सुकतंय. निचरा जास्त झालाय का?

बहुतेक वेळा नाही. कोकोपीट किंवा पालापाचोळ्याचं खत पूर्ण वाळलं की पाणी झिडकारतं. काळी माती आकसून कडेपासून सुटते (प्रश्न ८). दोन्हींत पाणी मातीला न भिजवता बगल देऊन जातं. काडी मधोमध खोल खुपसून काढा. कोरडी आली तर कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. काडी ओली आली आणि तरी झाड सुकलेलं, तर मूळ कुजलंय, तिथे प्रश्न १५ पाहा.

१२. ताई, दर पावसाळ्यात आमची तुळस जाते. मातीत काय घालू?

प्रश्न ९ मधलं पहिलं प्रमाण घ्या, कोकणात आणि घाटमाथ्यावर जाड वस्तू आणखी एक भाग वाढवा. पण तुळशीच्या बाबतीत मातीइतकंच बाहेरचं पाहा. बशी काढून ठेवा. कुंडी फरशीवर टेकलेली असेल तर भोक शेवाळाने बुजतं, खाली दोन विटा द्या. बांधलेल्या वृंदावनाला पुष्कळदा तळाला भोकच नसतं. अशा वृंदावनात तुळस कुंडीसकट ठेवा, आणि आतलं साठलेलं पाणी काढत राहा. संततधार लागली की आठवडाभर वळचणीखाली सरकवा. श्रावणात ऊन कमी असतं, पाणी कमी खर्च होतं, तेव्हा रोजचा तांब्या मुळाशी न घालता पळीभर वाहिला तरी पूजा होते.

१३. आम्ही नागपूरला राहतो. तुमचं मिश्रण मे महिन्यात दुपारपर्यंत वाळून जातं.

बरोबर आहे, ते पुण्या-कोकणाकडचं मिश्रण आहे. विदर्भ-मराठवाड्यात ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हवेबरोबर ओलही धरावी लागते. परलाइट आणि खडी कमी करा, त्याऐवजी विटांचे तुकडे आणि काळा तूस घ्या, कारण ते दोन्ही थोडी ओल धरतात. कोकोपीट एक भाग घाला. वरून वाळक्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं दोन बोटं आच्छादन द्या, आणि ते जूनमध्ये काढा. मिश्रण बारीक करून ओल टिकवू नका. पावसाळ्यात तेच महागात पडतं.

१४. मातीची कुंडी घेतली तर मिश्रणात काही घालायची गरज नाही ना?

गरज कमी होते, संपत नाही. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी उडतं आणि हवा आत जाते, म्हणून तेच मिश्रण प्लास्टिकपेक्षा लवकर वाफशावर येतं. पण कुंडीला बाहेरून ऑइल पेंट दिलात तर ती छिद्रं बुजली, मग ती प्लास्टिकसारखीच. गेरू लावा, गेरूने अडत नाही.

१५. झाड आधीच घट्ट मातीत आहे. आत्ता काढता येणार नाही. काय करू?

सळईने भोकं पाडू नका, मुळं तुटतात आणि भोकं दोन पाण्यांत बुजतात. त्याऐवजी कुंडी तिरकी ठेवा, तळाच्या कडेचं भोक सगळ्यात खाली येईल अशी. तिरकी झाल्यावर पाण्याला उंची मिळते आणि अडकलेलं पाणी सुटतं (स्पंज आठवा, प्रश्न ३). अंगण असेल तर कुंडी उघड्या मातीवर टेकवा. भोकातून कुंडीतली माती आणि जमीन एकमेकींना भिडली की जमीन पाणी ओढून घेते. फ्लॅटमध्ये सुती दोरीचं टोक भोकातून चार बोटं आत सरकवा आणि उरलेली दोरी खाली लोंबू द्या, तिच्यातून पाणी ठिबकतं.

मुळं काळी, मऊ आणि वास मारणारी असतील तर थांबू नका. झाड काढा, कुजलेलं कापा, लहान कुंडीत नव्या मिश्रणात लावा. मोठी कुंडी देऊ नका. मुळं थोडी आणि माती खूप असली की ती वाळतच नाही.

१६. जुनी माती फेकून द्यायची का?

नाही. उन्हात पसरून वाळवा, ढेकळं फोडा, मुळं वेचा आणि चाळा. अगदी पिठासारखी धूळ कुंडीबाहेर, बागेच्या वाफ्यात टाका. राहिलेल्या मातीत तिसरा हिस्सा नवी जाड वस्तू आणि थोडं खत मिसळा. विटा, परलाइट, कोळसा धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतो. मुळकुज झालेल्या झाडाची माती मात्र मी दुसऱ्या कुंडीला देत नाही.

१७. गच्चीवर वजनाची भीती वाटते. हलकं मिश्रण कोणतं?

ओली माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते. १२ इंची कुंडीत अंदाजे १५ लिटर मिश्रण बसतं, म्हणजे नुसत्या मातीची ओली कुंडी पंचवीस किलोच्या पुढे. कोकोपीट, तूस, परलाइट यांचं मिश्रण ओलं असताना त्याच्या जवळपास निम्मं भरतं. गच्चीवर वीट आणि खडी टाळून तूस घ्या. फार हलक्या कुंड्या वादळी वाऱ्यात आडव्या होतात, उंच झाडांना कठड्याशी बांधा. वाफे करायचे असतील तर आधी इमारतीच्या अभियंत्याला विचारा.

१८. थर्मोकोल, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, लाकडाचा भुसा: यांनी निचरा होतो का?

थर्मोकोल तरंगून वर येतो आणि तुकडे होऊन गटारात जातो, नको. टरफलं चपटी, फार तर कॅल्शियम देतात, तेही अगदी हळू. चहाचा चोथा बारीक आणि ओला, त्याने चिलटं येतात. तो कंपोस्टच्या डब्यात टाका. लाकडाचा भुसा कुजताना मातीतलं नत्र ओढतो, पानं पिवळी पडतात.

१९. ऑर्किडला आणि अडेनियमलाही हेच मिश्रण चालेल?

ऑर्किडला माती नकोच. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी बघा, झाडाच्या सालीला मुळं धरून उघड्या हवेत लोंबते. पावसात भिजते आणि तासाभरात वाळते. घरच्या ऑर्किडला लाकडी कोळसा, खंगर विटेचे सुपारीएवढे तुकडे आणि सोडणाचे तुकडे द्या, बारीक काहीही नको. प्रश्न १० मधल्या मोजणीत इथे २५ टक्क्यांच्या वर यायला हवं.

अडेनियमला प्रश्न ९ मधलं जेडचं मिश्रण चालतं, पण पावसाळ्यात ते छपराखालीच हवं. थंडीत त्याची वाढ थांबते, पानं गळाली की मिश्रण कितीही मोकळं असलं तरी पाणी जवळजवळ बंद.

२०. आम्ही परदेशात असतो. तुळस लावायची आहे, इथली तयार माती चालेल का?

चालते. भारतातून माती नेऊ नका, अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत प्रवाशाला सामानातून माती आणू देत नाहीत. तिथल्या तयार मिश्रणात बहुधा पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) असतं, ते कोकोपीटसारखंच पाणी धरतं. त्यात तिसरा हिस्सा परलाइट मिसळा. हिवाळ्यात घरात ऊन कमी पडतं आणि तीच ओल कितीतरी दिवस पुरते. काडी खुपसून पाहिल्याशिवाय पाणी घालू नका.

२१. असं एखादं झाड आहे का ज्याला निचरा नकोच?

आहेत. कमळाला भोक नसलेलं भांडं आणि चिकट माती लागते. प्रश्न ८ मधली काळी माती इथे अगदी योग्य, आणि जाड काहीच मिसळायचं नाही. हलक्या वस्तू तरंगून पाणी गढूळ करतात. अळू आणि ब्राह्मीलाही सतत ओल चालते, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर अळू लावायची पद्धत त्यामुळेच. त्यांच्या कुंडीखाली बशी ठेवली तरी चालेल, फक्त डासांसाठी बशीतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला.